रिस्टोरेटिव्ह योग शिकवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

शहाद्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. रिस्टोरेटिव्ह योग म्हणजे लोड, चादरी, खुर्ची यांचा आधार घेऊन आसनात बराच वेळ विश्रांती घेण्याचा योग. दहाएक वर्षं त्या घरी नियमित आसनं करतात. मध्यंतरी कमरेचं दुखणं झालं, तेव्हा एका शिक्षकांनी लोड, चादरी आणि खुर्ची लावून त्यांच्याकडून आसनं करून घेतली. दुखणं ओसरलं, झोपही सुधारली. आता हेच इतरांना शिकवावं असं त्यांच्या मनात आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: वेगळं प्रमाणपत्र लागतं का, साहित्य कुठून आणायचं, आणि "झोपायला कोण पैसे देईल?" असं घरचे म्हणतात त्यांना काय सांगायचं.

ताई, तुम्हाला बरं वाटलं म्हणून शिकवावंसं वाटणं साहजिक आहे. आम्हा योगशिक्षकांतल्या बहुतेकांची वाट तिथूनच सुरू होते. पण जो लोड तुमच्या पाठीला बसला, तो तुमच्या जाऊबाईंच्या पाठीला बसेलच असं नाही. त्यांची पाठ तुमच्यापेक्षा ताठ असेल, छाती अरुंद असेल, मान पुढे आलेली असेल. तुमचा लोड त्यांना दोन इंच जास्त उंच होईल आणि पाच मिनिटांत त्या कमरेला हात लावून उठून बसतील. स्वतःच्या सरावात मोजमाप आपलं शरीर असतं. शिकवताना ते बाजूला ठेवून समोरच्या शरीराकडे बघावं लागतं. प्रमाणपत्र, साहित्य, फी या गोष्टी त्यानंतर येतात. म्हणून आधी याबद्दलच लिहिते.

माझा स्वतःचा सराव जोरकस होता. पहाटे सूर्यनमस्कार, उभ्याची आसनं, शीर्षासन. वडिलांच्या आजारपणात रात्रीची जागरणं वाढली आणि सकाळी अंग उचलेना. माझ्या शिक्षिकेनं सूर्यनमस्कार बंद करायला लावले, पोटऱ्या खुर्चीवर ठेवून जमिनीवर पाठ टेकवली आणि डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल ठेवला. पुढचे कित्येक महिने माझा सराव एवढाच होता. त्यानंतर मी त्यांच्या वर्गात मदतीला जाऊ लागले, आणि तिथे बराच काळ माझं काम फक्त चादरींच्या घड्या घालण्याचं होतं. घडीची बंद, गुळगुळीत कडा मानेकडे हवी, सुट्या कडा बाहेर. हे वाचायला क्षुल्लक वाटेल. पण मानेखाली सुरकुती राहिली तर दहाव्या मिनिटाला तो माणूस डोकं हलवणारच, आणि एकदा हलला की पुन्हा शांत व्हायला त्याला तेवढाच वेळ लागतो.

तुमच्या सरावात आता एक बदल करा. एकच आसन घ्या आणि पंधरवडाभर तेच करा, रोज पंधरा ते वीस मिनिटं. सुप्त बद्धकोनासन घ्या, म्हणजे तळवे एकमेकांना जुळवून, गुडघे बाजूला सोडून उताणं पडणं. लोड पाठीमागे कण्याच्या रेषेत लांबट ठेवलेला, त्याचं टोक माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडाला टेकलेलं, बैठक जमिनीवर. डोक्याखाली घडी अशी की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. दोन्ही मांड्यांखाली गुंडाळलेली गोधडी. एक दिवस डोक्याखालची घडी काढून बघा. दुसऱ्या दिवशी मांड्यांखालचा आधार काढा. तिसऱ्या दिवशी लोडाऐवजी लांबट घडी घातलेल्या दोन चादरीच घ्या. कुठला आधार काढल्यावर शरीराची तक्रार कितव्या मिनिटाला आणि कुठून सुरू होते, ते वहीत लिहा. मांड्यांचा आधार काढला की तक्रार जांघेत येते, पण त्याआधी श्वास आखडतो. हे पुस्तकात वाचून समजत नाही. तुम्ही त्यात पडून राहिला असाल तरच समोरच्याचा श्वास आखडलेला तुम्हाला दिसेल.

ज्यांचा सराव जुना आहे त्यांना इथे एक अडचण हमखास येते. आपल्याला ताण आवडतो. मांडीचा स्नायू ओढला गेला, छाती उघडली, की काहीतरी केल्यासारखं वाटतं. विश्रांतीच्या आसनात ओढ जाणवता कामा नये. जाणवली, तर आधार कमी पडतोय असं समजा आणि उंची वाढवा. पतंजलींनी आसनाचं वर्णन स्थिर आणि सुखद असं केलं आहे आणि लगेच पुढच्या सूत्रात ते साधण्याचा उपाय सांगितला आहे, प्रयत्नशैथिल्य, म्हणजे प्रयत्न सैल सोडणं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात शवासनाला श्रान्तिहर, म्हणजे थकवा घालवणारं, आणि चित्ताला विश्रांती देणारं म्हटलं आहे. म्हणजे ही काही अलीकडची कल्पना नाही.

कुणी विचारेल, हा प्रकार परदेशातून आला का? खरं उत्तर असं: रिस्टोरेटिव्ह योग हे नाव घेऊन वेगळी शिकवणी म्हणून तो अमेरिकेत रुजला, आणि त्यात तिथल्या योगशिक्षिका ज्युडिथ हॅन्सन लासाटर यांचा वाटा मोठा आहे. त्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांच्या विद्यार्थिनी. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि आजारी, वयस्क, ताठरलेल्या माणसांनाही आसन करता यावं म्हणून त्यांनी दोर, विटा, खुर्च्या, बाकं, लोड वापरून एक पद्धत घडवली. १९७५ साली पुण्यात रमामणी अय्यंगार योग संस्था उभी राहिली. दुसरा धागा तर आपल्या खान्देशातून जातो. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रिया चालू असताना शरीरात काय घडतं ते उपकरणांनी तपासायला सुरुवात केली. 'बघा, मोजा, मग बोला' ही शिस्त मला आपल्या कामासाठी फार मोलाची वाटते.

आता बघण्याबद्दल. घरातल्या, शेजारच्या चारपाच वेगवेगळ्या अंगकाठीच्या लोकांना विनंती करा आणि एकेकाला जमिनीवर साधं उताणं झोपवा. काही शिकवू नका, बाजूला बसून बघा. हनुवटी छताकडे उचललेली आहे का? असेल तर डोक्याखाली घडी हवी. कंबर जमिनीपासून किती वर राहते? हाताचा पंजा सहज आत जात असेल तर गुडघ्यांखाली लोड हवा. एक पाऊल बाहेर पडलंय आणि दुसरं उभंच आहे का? बोटं वळलेली आहेत का? पापण्यांखाली बुबुळं फिरताहेत का? जबडा? गिळताना घसा जोरात हलतो का? श्वास पोटात येतोय की फक्त गळपट्टीच्या हाडाशी? श्वास सोडून झाल्यावर एक छोटासा विराम येऊ लागला की मला कळतं, हा माणूस आता टेकला. त्याच्याआधी कितीही छान बोललात तरी उपयोग नाही.

या सरावाला किमान वर्ष द्या असं मी सांगेन. कुणाला ते फार वाटेल.

प्रमाणपत्राचं थोडक्यात. 'रिस्टोरेटिव्ह' नावाचा वेगळा कागद असल्याशिवाय शिकवता येत नाही असं नाही. पण योगशिक्षणाचा मूळ पाया मात्र रीतसर घ्या. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका नोकरी-घर सांभाळून करता येते. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या वेगवेगळ्या पातळ्यांच्या परीक्षा आहेत. कैवल्यधामचे अभ्यासक्रम आहेत. अय्यंगार पद्धतीत प्रमाणित व्हायचं तर एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाकडे काही वर्षं शिकावं लागतं, आणि आधारांचं ज्ञान तिथे सगळ्यात खोल मिळतं. दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून वर्ग उघडू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. उपचाराच्या वर्गात मदतनीस म्हणून कुणी उभं राहू दिलं तर ती संधी सोडू नका. तिथे एकाच तासात दहा प्रकारच्या पाठी दिसतात.

साहित्याची काळजी तर खान्देशात मुळीच नको. कापूस आपला, आणि पिंजारीही अजून सापडतात. ऑनलाइन मिळणारे पुष्कळसे लोड फोमचे असतात. ते छातीखाली दबतात आणि मधूनच उसळी मारतात. पिंजाऱ्याला सांगा: दोन फूट लांब, नऊ इंच जाड, आत पिंजलेला कापूस घट्ट भरलेला, वर मांजरपाटाची खोळ आणि त्यावर धुता येईल असा सुती अभ्रा. अंगठा दाबला तर थोडा रुतावा, पण माणूस झोपल्यावर लोडाचा आकार बदलू नये. वर्षातून एकदा कापूस पुन्हा पिंजून घ्या, कारण लोड मधोमध बसतो. प्रत्येकी एक लोड, तीन चादरी, एक गोधडी, एक बिनहाताची घडीची खुर्ची, डोळ्यांवर ठेवायला मऊ सुती कापड. विटांऐवजी लाकडाचे ठोकळे सुताराकडून कडा गोल करून घ्या. खाली शहाबादी फरशी असेल तर नुसती योगा मॅट पुरत नाही. तिच्याखाली सतरंजी हवीच. निश्चल पडलेलं शरीर थंड पडत जातं, आणि धुळ्या-नंदुरबारकडच्या पौष-माघातल्या सकाळी पाठीला गारवा लागला की स्नायू पुन्हा आवळतात.

उलट एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा संध्याकाळी सहाला वर्ग ठेवलात तर तापलेल्या स्लॅबखाली माणसं घामेजून पडतील आणि विश्रांती बाजूलाच राहील. पहाटे साडेपाच योग्य. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नका, डोळे आणि मान दोन्ही आखडतात. वर्गाच्या आधी आणि नंतर पाणी द्या. आपल्याकडे लग्नसराईत लाऊडस्पीकर असतोच. तो बंद होण्याची वाट बघत बसू नका. "आवाज येऊ दे, त्याच्या मागे जाऊ नका" एवढं एकदा सांगून पुढे चला.

आता तुमच्याकडे येणारी माणसं. जळगावच्या दुकानांत दिवसभर उभं राहणारी मुलं येतील, पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या आणि पाय सुजलेले. त्यांना विपरीत करणी, म्हणजे भिंतीला पाय लावून, बैठकीखाली नीची घडी. पायांतलं रक्त सहज परततं आणि दहा मिनिटांत चेहरा बदलतो. भुसावळच्या रेल्वेतली पाळी करणारी मंडळी येतील. त्यांना झोप आणि विश्रांती यांची इतकी तूट असते की पडल्या पडल्या घोरायला लागतात. झोपू द्या. पहिले काही आठवडे त्यांचं शरीर तेच मागतं. मग हळूहळू जागं राहून शांत होणं जमू लागतं.

आणि शेतात राबणाऱ्या बायका येतील. त्यांच्याबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण हा वर्ग खरं तर त्यांच्यासाठी आहे आणि त्याच सगळ्यात उशिरा येतात. कापूस वेचताना दिवसभर कंबर वाकलेली, ओझं पोटाशी बांधलेलं, मान खाली. "मनी कंबर भलती दुखस" म्हणत येतील. त्यांना पुढे वाकण्याची आसनं देऊ नका, कितीही सोपी असली तरी. शरीर तेच तर दिवसभर करत होतं. आधी पोटऱ्या खुर्चीवर, पाठ सपाट, दहा-बारा मिनिटं. कंबर पूर्ण टेकली की मग पाठीच्या वरच्या भागाखाली, खांद्यांच्या पात्यांशी, चादरीची चारएक इंच रुंद नीची घडी आडवी. छाती नुसती उघडू द्यायची. लोड पहिल्याच दिवशी नको, त्याची उंची त्यांच्या आखडलेल्या पाठीला सोसत नाही. केळीच्या घडांची ने-आण करणाऱ्या पुरुषांचं दुखणं वेगळं. वीस-पंचवीस किलोचा घड एकाच खांद्यावर घेऊन त्यांची मान एका बाजूला कललेली असते. त्यांना उताणं झोपवाल तेव्हा दोन्ही खांद्यांखालची उंची वेगवेगळी ठेवावी लागते.

या बायकांना आडवं पडायला लावणं हीच मोठी पायरी आहे. घरात ती दिवसा आडवी होते ती आजारी पडल्यावरच. सासू काय म्हणेल, कुणी बघेल, हे डोक्यात चालूच असतं. डोक्यावर पदर घेणारी बाई चार लोकांत गुडघे फाकवून सुप्त बद्धकोनासनात कशी पडेल? मी त्यांना ते आसन कमरेपासून पायांपर्यंत चादर पांघरूनच देते, नाहीतर साधी मांडी घालून पाठ लोडावर टेकवते. नऊवारी-पाचवारीची अडचण नको म्हणून सैल सलवार आणायला सांगता येतं, पण त्याची सक्ती करू नका. सक्ती झाली की ती पुढच्या आठवड्यात येत नाही. बायकांची वेळ वेगळी ठेवा. दार आतून लावा, पण कडीकडे नजर जाईल अशी जागा प्रत्येकीला मिळू द्या. कुणाला डोळ्यांवर कापड नको असेल तर ठेवू नका. हात लावण्याआधी विचारा, दर वेळी. काहींच्या आयुष्यात असं काही घडलेलं असतं की डोळे मिटून पडणं त्यांना भीतिदायक वाटतं. त्यांना भिंतीला पाठ लावून बसवा, डोळे उघडे, मांडीवर उशी. तेही विश्रांतीचं आसनच आहे.

कधी कुणी रडतं. पहिल्यांदा पाठ टेकली, पहिल्यांदा कुणी अंगावर चादर घातली, आणि पाणी वाहायला लागतं. काय झालं म्हणून विचारू नका. जवळ बसा, रुमाल द्या, तिला हवं असेल तर कुशीवर वळवा. हे दर वेळी होत असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं झाल्याचं बोलणं येत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक वर्गात लिहून ठेवा. आपण योगशिक्षक आहोत आणि तो उपचार आपल्या हातातला नाही.

वैद्यकीय बाबतीत पक्के नियम ठेवा. काचबिंदू, डोळ्यांच्या पडद्याचा आजार किंवा नुकतीच झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल तर बैठक डोक्यापेक्षा वर जाणारं काहीही नाही. छातीत जळजळ होणाऱ्यांना सपाट झोपवू नका, पाठीचा वरचा भाग उंच ठेवा. गरोदरपणाचा पाचवा महिना उलटला की उताणं सपाट झोपणं टाळून डावी कूस, गुडघ्यांच्या मध्ये उशी. इन्सुलिन घेणाऱ्यांना पहाटे उपाशीपोटी तासभर निश्चल ठेवू नका आणि गोळी-इंजेक्शनची वेळ विचारून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना आधी कुशीवर, मग बसून दोन मिनिटं, मग उभं. आणि तुम्ही नंदुरबार जिल्ह्यात आहात म्हणून मुद्दाम सांगते: आपल्याकडे, विशेषतः सातपुड्यातल्या आदिवासी समाजात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. अशा व्यक्तीला गारठा, तहान आणि अतिश्रम या तिन्हींनी तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. फरशीचा गारवा लागू देऊ नका, पाणी देत राहा, आणि हाडात, छातीत किंवा पोटात कळ सुरू झाली तर आसन बदलत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

नव्या शिक्षकाला शांतता सहन होत नाही. वीस मिनिटं कुणी काही बोलत नाही म्हटल्यावर तो वर्णनं करत सुटतो, समुद्र, डोंगर, निळा प्रकाश. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं शरीर कुठे टेकलंय ते दाखवा: टाच, पोटरी, पाठ, डोक्याची मागची बाजू. श्वास सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांबू द्या एवढं सांगा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते. मग गप्प राहा. तुमचं स्वतःचं शरीर तेव्हा बसलेलं आणि स्थिर असलं पाहिजे. तुम्ही मोबाइल चाळत असाल तर खोलीला ते कळतं. सव्वा तासाच्या वर्गात चार आसनं पुष्कळ झाली. प्रत्येकातून बाहेर यायला सावकाश दोन मिनिटं द्या.

सुरुवातीला एका वेळी सहापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. सहा जणांचे आधार लावून होईपर्यंत पहिल्याची घडी सरकलेली असते, ती तुम्हाला दिसली पाहिजे. प्रत्येकाची वहीत नोंद ठेवा: कुठली उंची, कुठल्या बाजूला, कितव्या मिनिटाला हलला, उठल्यावर काय म्हणाला. पुढच्या वेळी तो येण्याआधी त्याचा लोड त्याच्या मापाने मांडून ठेवा. अशी काळजी कुणी घेतल्याचं आपल्या लोकांना क्वचितच अनुभवायला मिळतं.

राहिला घरच्यांचा प्रश्न. झोपायला पैसे कोण देईल? वाद घालू नका. आजार बरा होईल असंही कुणाला सांगू नका, कारण तसा शब्द आपल्याला देता येत नाही. जो हे म्हणतो त्यालाच संध्याकाळी दुकानातून, शेतातून आल्यावर जमिनीवर घ्या, पोटऱ्या खुर्चीवर, मानेखाली घडी, अंगावर चादर, पंधरा मिनिटं. रात्री पलंगावर तो ज्या आवळलेल्या खांद्यांनी झोपतो त्यात आणि यात काय फरक आहे, ते त्याला तुम्ही सांगण्याची गरज पडत नाही. माझ्याकडे सुनेला सोडायला आलेल्या एका सासूबाई दाराशीच बसायच्या. एकदा त्यांना खुर्ची लावून दिली. उठल्यावर म्हणाल्या, "आंग मोकळं व्हई गयं." पुढच्या महिन्यापासून दोघींची फी त्याच आणून देऊ लागल्या. फी गावातल्या साध्या योगवर्गापेक्षा थोडी जास्त ठेवली तरी चालेल, कारण माणसं कमी आणि साहित्य जास्त लागतं. शेतमजूर बायकांसाठी आठवड्यातला एक वर्ग बिनफीचा ठेवा, आणि तो वेचणीच्या हंगामात संध्याकाळी उशिरा घ्या, स्वयंपाक आटोपल्यावर. तेवढाच वेळ त्यांच्याकडे असतो.